मामांची पेन्शन हक्काची, मग माझे दोन हजार भीक कसे?

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पेन्शन चांगली आहे. सासूबाई आता नाहीत. माझे मिस्टर उद्यमबागला फौंड्रीत आहेत. धाकटे भावजी सरकारी नोकरीत, २०११ ला लागलेत, त्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हंजे नवी पेन्शन आहे. मला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार मिळतात, आमच्या रेशनकार्डावर घरची मुख्य बाई म्हणून माझं नाव आहे.

गणपतीत सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. भावजी म्हणाले, आमच्या पगारातनं कापून तुमच्या पेन्शनी चालल्यात, तुमची पिढी सरकारचं बसून खातेय. मामा इतके चिडले की ताटावरनं उठायला लागले. म्हणाले, 'मी ३४ वर्षं राबलोय, मी काय फुकट खातोय काय रे? फुकटचं ते हिचं, दोन हजाराचं. मतांसाठी टाकलेली भीक ती.' सगळ्यांच्या देखत. मी आमटी वाढत होते, काही बोलले नाही.

मामांचं औषधपाणी मीच बघते, सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांचंही मीच केलं. माझी बहीण महाराष्ट्रात चंदगडला दिली आहे, तिला लाडकी बहीणचे मिळतात, तिला घरात कोण असं बोलत नाही. खरंच पेन्शन म्हंजे कमाई आणि आमचं ते दान, असं असतं का? मामा बरोबर का भावजी? आणि मी ते पैसे घ्यायचं बंद करू का? — एक सून, वडगाव"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बंद करू नका. कुणाच्या एका वाक्यावरनं बंद करायची ही गोष्ट नाही, आणि एकदा नाव काढून घेतलं की परत घालताना बेळगाव वन नाहीतर ग्राम वनच्या सरकारी सेवा केंद्राच्या रांगेत तुम्हीच उभ्या राहणार, मामा नाही आणि भावजीपण नाहीत.

आता मामांचं. तुम्हाला कदाचित आवडणार नाही पण स्वतःच्या पेन्शनीबद्दल मामा जे बोलले ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाहीय, कायदाच तसा आहे. सुप्रीम कोर्टात १९७१ साली देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार सरकार हा खटला झाला, तो माणूसही शिक्षण खात्यातलाच होता, आणि कोर्टानं सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, ती त्या माणसाची मालमत्ता आहे. मग १७ डिसेंबर १९८२ ला नाकारा केसचा निकाल आला. नाकारा म्हणून संरक्षण मंत्रालयातले अधिकारी, १९७२ ला रिटायर झालेले. सरकारनं पेन्शनीचा हिशेब सुधारला, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी रिटायर झालेल्यांना तो लाभ नाही असं ठरवलं, म्हणून ते कोर्टात गेले. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, निकाल लिहिला न्यायमूर्ती देसाईंनी. त्यांनी म्हटलं की पेन्शन ही कृपा नाही, केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, आणि नुसत्या तारखेवरनं एकसारख्या माणसांत भेद करता येणार नाही. आजही १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळंच. पुढं २०१३ मध्ये झारखंडच्या एका केसमध्ये कोर्टानं परत सांगितलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही संपत्ती आहे, कायद्याचा आधार नसताना नुसत्या सरकारी आदेशावर ती अडवून ठेवता येत नाही.

कोर्टाचं राहू दे, साधा हिशेब बघा. नोकरदाराच्या म्हातारपणाची सोय करायची एक पद्धत अशी की तो पगारातनं काही टाकतो आणि मालक तेवढेच टाकतो, दोन्ही मिळून फंड साठतो आणि रिटायर होताना हातात पडतो. जुन्या पेन्शनीतल्या सरकारी नोकराचं तसं नसतं. मामांच्या जीपीएफमध्ये, म्हंजे सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीत, जे होतं ते सगळं त्यांच्याच पगारातलं आणि त्यावरचं व्याज, सरकारनं त्यात स्वतःचा वाटा घातला नाही, तो वाटा सरकारनं आपल्याकडंच ठेवला आणि म्हणालं की याच्या बदल्यात तू रिटायर झालास की मरेपर्यंत दर महिन्याला देतो. म्हंजे मामांच्या कामाचा काही पगार तेव्हा मिळाला आणि काही मागं राहिला. जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळा आठवा, पावसाळ्यात तिकडं काय हाल असतात ते खानापूरच्या माणसाला सांगायला नको, एका मास्तरनं चार-चार वर्ग सांभाळायचे, वर शिरगणती, इलेक्शन ड्युटी, पल्स पोलिओ. खाजगीत चार पैसे जास्त मिळाले असते तरी माणसं तिथं टिकली ती 'पुढं पेन्शन आहे' या शब्दावर. हा शब्द देऊन काम करून घेतलंय आणि काम पूर्ण झालंय, आता सरकारनं शब्द पाळायचा एवढंच उरलंय.

अजून एक तपासून बघायची रीत सांगते, मला ही सगळ्यात पटते. मामा उद्या कोल्हापूरला लेकीकडं राहायला गेले तर पेन्शन बंद होईल का? नाही. कर्नाटकाची पेन्शन तिथल्या बँकेत घेता येते. ते कुणाला मत देतात, त्यांची पोरं किती कमावतात, त्यांना पैशाची गरज आहे का नाही, कोण विचारत नाही. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं आपल्या गल्ल्यांत आणि चंदगड-खानापूरच्या गावागावांत फौजी पेन्शनर भरपूर, त्यांना कुणी बसून खातोय म्हणायची हिंमत करत नाही. आणि फौजेतलाच एक दाखला आहे. आपल्या सैन्यात नेपाळचे गुरखे वर्षानुवर्षं भरती होत होते, रिटायर झाले की नेपाळला परत जातात, भारताचे नागरिक नाहीत, इथले मतदार नाहीत, तरी भारत सरकार त्यांना नेपाळात पेन्शन देतं, काठमांडू, पोखरा, धरान इथं त्यासाठी ऑफिसं आहेत. पेन्शन मतांसाठीची किंवा गरिबीवरची मदत असती तर परदेशातल्या माणसाला कशाला दिली असती? नोकरी केली म्हणून देतात.

भावजींचा मुद्दा असा की हे सगळं आजच्या करातनं जातंय. हो, जातंय. जुन्या पेन्शनीसाठी कुठं वेगळी तिजोरी भरून ठेवलेली नाही, दरसाल राज्याच्या तिजोरीतनं पैसे काढून दिले जातात, आणि हा बोजा मोठा आहे हेही खरं. पण गल्लीतल्या किराणा दुकानाची मागच्या सालची उधारी तुम्ही यंदाच्या पगारातनं फेडलीत म्हणून ते दुकानदाराला दिलेलं दान होत नाही. सरकारनं तेव्हा बाजूला काढून ठेवले नाहीत ही चूक सरकारची, मामांची नव्हे.

तरी मामांना एक गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे. त्यांच्या पेन्शनीत सगळंच्या सगळं त्यांनी राबून कमावलंय असं म्हणता येत नाही. मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, ती नोकरीची. पण महागाई भत्ता वाढतो तशी पेन्शन वाढते, वेतन आयोग लागू झाला, आत्ता कर्नाटकात सातवा राज्य वेतन आयोग १ ऑगस्ट २०२४ पासून लागला तसा, की जुन्या पेन्शनरांचंही सुधारून मिळतं. कुणी रिटायर झाल्यावर चार वर्षांत गेला आणि कुणी ९५ वर्षं जगला तर दोघांना मिळणाऱ्या एकूण रकमेत केवढा फरक, नोकरी तर दोघांची सारखीच. म्हंजे यात समाजानं म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं असंही काही आहेच. आणि बघा की, ज्या नाकारा निकालाच्या जोरावर पेन्शनर छाती काढून चालतात त्याच निकालात हेपण लिहिलंय की पेन्शन हा सामाजिक कल्याणाचा उपाय आहे, ज्यांनी उमेदीच्या वर्षांत मालकासाठी कष्ट केले त्यांना म्हातारपणी वाऱ्यावर सोडू नये म्हणून. मोबदला आणि कल्याण, दोन्ही एकाच निकालात, आणि त्या न्यायमूर्तींना दोन्ही एका जागी ठेवण्यात काही कमीपणा वाटला नाही. मामांना 'कल्याण' हा शब्द जवळ आला तरी राग येतो, तो येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शिवाय हक्क म्हणजे कुणी हात लावू शकत नाही असंही नाही. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर नियमाप्रमाणं पेन्शन कापता येते, पण नियमाप्रमाणंच. आणि २०२५ च्या वित्त कायद्यात केंद्रानं आपल्या पेन्शनरांबाबत असं कलम घालून घेतलंय की रिटायर झाल्याच्या तारखेवरनं त्यांच्यात फरक करायचा अधिकार सरकारला आहे. नाकारा केसमध्ये ज्याच्यावर भांडण झालं तेच. ते केंद्राच्या पेन्शनरांसाठी, मामांना लागू नाही, पण जे कोर्टानं दिलं ते संसद बदलू बघते हे सगळ्याच पेन्शनरांनी डोळ्यासमोर ठेवलं पाहिजे. आपलं ते पवित्र आणि दुसऱ्याचं ते फुकटचं असं म्हणत बसलं तर उद्या आपल्यासाठी बोलायला कोण येणार?

भावजींकडं येते. एक गोष्ट ते चुकीची बोलले. त्यांच्या पगारातनं जे दहा टक्के कापतात त्यातला एक रुपयाही मामांच्या पेन्शनीत जात नाही, तो त्यांच्या स्वतःच्या प्रान नंबरच्या, म्हंजे एनपीएसच्या कायम नंबरच्या, खात्यात जातो आणि वर सरकारही त्यात स्वतःचा वाटा घालतं. आणि सगळं शेअर बाजारात जातं असंही नाही, सरकारी नोकरांच्या नेहमीच्या स्कीममध्ये शेअरच्या भागाला मर्यादा घातलेली आहे. पण त्यांच्या रागामागं जे आहे ते अगदी खरं आहे आणि घरात कुणीतरी ते ऐकून घ्यायला पाहिजे होतं. कर्नाटकात १ एप्रिल २००६ ला किंवा नंतर लागलेल्यांना एनपीएस, आधीच्यांना जुनी पेन्शन. तीच खुर्ची, तेच काम, तोच साहेब, पण एकाला म्हातारपणी शेवटच्या पगाराच्या निम्मे पक्के आणि महागाईप्रमाणं वाढणारे, आणि दुसऱ्याला साठलेल्या रकमेतले जास्तीत जास्त साठ टक्के रोख आणि राहिलेल्या चाळीस टक्क्यांची अॅन्युइटी, म्हंजे विमा कंपनीकडनं विकत घेतलेली पेन्शन, ती किती येईल ते तेव्हाच्या बाजारावर आणि व्याजदरावर. महागाई वाढली तर वाढेल का, तर नाही. पेन्शन हा पगाराचाच भाग हे आपण आत्ता मान्य केलं ना, मग त्याच न्यायानं भावजींचा पगार मामांपेक्षा कमी झालाय. त्यांची तक्रार बापाशी नाहीय, २००६ च्या निर्णयाशी आहे, पण सरकार काही जेवायला पंगतीत नव्हतं, बाप होता.

या २००६ च्या तारखेत एक पोटभेद आहे तोपण सांगून ठेवते. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ एप्रिल २००६ च्या आधी निघाली पण नेमणूक नंतर झाली अशा साधारण १३ हजार नोकरांना कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये जुनी पेन्शन द्यायचा आदेश काढला. भावजी २०११ चे, त्यांना ते लागू होईल असं दिसत नाही, पण त्यांच्या बॅचच्या ओळखीत कुणाची भरती कोर्टकचेरीत अडकून उशिरा झाली असेल तर त्यांनी भरतीच्या जाहिरातीची तारीख जरूर बघावी.

आता ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. त्या पंगतीत तुमचे मिस्टरपण होते ना? त्यांच्या म्हातारपणाबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, तुम्हीही पत्रात लिहिलं नाहीत. फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, त्याला ईपीएस-९५ ची पेन्शन, म्हंजे पीएफ कापणाऱ्या कामगारांची, १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली. मालकाच्या पीएफच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडं जातात, पण पगार १५,००० धरूनच, त्यावरचा पगार असला तरी बहुतेकांचं तेवढ्यावरच. वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं जादा धरतात, तरी १५,००० च्या हिशेबानं २२ गुणून ७० नं भागलं तर महिन्याला ४,७१४ रुपये येतात, तेही पूर्ण काळ त्या मर्यादेवर असेल तर. २०१४ च्या आधीच्या नोकरीला त्याहून कमी, कारण तेव्हा मर्यादा ६,५०० होती. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये, आणि महागाई भत्ता नाही. हीपण राबून कमावलेलीच आहे की ओ. मामांच्या ३४ वर्षांइतकीच. एका घरात तीन पुरुष, तिघंही राबले, आणि तिघांच्या म्हातारपणाला तीन वेगळे भाव. मामा आणि भावजी भांडताना जो गप्प बसून जेवत होता त्याचं सगळ्यात कमी. हे मी कुणाला लाजवायला लिहीत नाहीय, मला ते वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

आणि आता तुमचे दोन हजार. खरं तेच सांगते, ते पेन्शनीसारखे नाहीत. ही योजना आहे, ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली, सरकारनं ठरवली आणि पुढचं सरकार बदलू शकतं, हप्ते मागंपुढं होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मघाशी मामांना जी कोल्हापूरची परीक्षा लावली ती लावून बघा, तुम्ही राज्य सोडून राहायला गेलात तर हे बंद. तुमच्या बहिणीला सीमेपलीकडं दीड हजार, तुम्हाला इकडं दोन हजार, दोघीही तेच घरकाम करता, फक्त राज्य वेगळं. म्हणून 'हा माझ्या कामाचा पगार आहे' असं तुम्ही मामांना म्हणालात तर ते लगेच खोडून काढतील, आणि तिथं ते बरोबर असतील. मतांचा विचार करून अशा योजना आणतात हेही कुणी नाकारत नाही.

पण पगार नाही म्हणजे भीक असं कुठनं आलं? भीक म्हणजे देणाऱ्याच्या मनात आलं तर देईल, नाही आलं तर हाकलेल. तुमच्या दोन हजाराला नियम आहेत, रेशनकार्डावर घरची मुख्य बाई, ती किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स किंवा जीएसटी भरत नसावा, आणि त्या नियमात जी बसते तिला मिळतं, कुठल्या साहेबाच्या पाया पडावं लागत नाही आणि त्यानं 'हिला नको' म्हटलं तर ती जाब विचारू शकते. नियमात बसणाऱ्या सगळ्यांना सारखं, हा हक्कच आहे. कमावलेला नाही, नागरिक म्हणून मिळालेला. घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सरकारनं आपल्या ऐपतीप्रमाणं मदत करावी असं लिहून ठेवलंय, कोर्टातनं जबरदस्तीनं वसूल करता येत नाही अशा भागात ते आहे हे खरं, पण भीक घालावी असं काही तिथं लिहिलेलं नाही. वडगावातच बघा की, हातमागावर आणि पॉवरलूमवर उभं आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना कुणी कधी पीएफ दिला नाही, हजेरी नाही, कागद नाही. त्या संध्या सुरक्षा या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी पेन्शनीचे १,२०० घेतात. त्यांनी मामांपेक्षा कमी कष्ट केले का? त्यांच्या कष्टाची नोंद ठेवणारा कुणी नव्हता एवढाच फरक. मामांनी 'भीक' म्हटलं ते त्यांनाही लागतं, आणि त्यातली एखादी मामांच्या शाळेतल्या पोरांची आजी असेल.

आणि तुमचं काम. सासूबाई अंथरुणावर असताना केलंत, मामांच्या गोळ्या, पथ्यपाणी, घर. याचा पगार कुठलंच सरकार देत नाही आणि घरानंही दिलेला नाही. हे काम बाहेरनं बाई लावून करून घ्यायचं म्हटलं तर मामांच्या पेन्शनीतनं केवढे जातील ते त्यांनी एकदा मोजावं. गृहलक्ष्मीचे दोन हजार त्याची भरपाई नाहीत, तेवढी रक्कमच नाही ती, पण मामांचं म्हातारपण नुसत्या पेन्शनीवर चाललेलं नाही, तुमच्यावरपण चाललंय, हे त्यांना कळलंच पाहिजे.

बोलायचं कसं? पंगतीत नको आणि भावजींसमोर नको. मामांची सकाळची वेळ बरी असेल, चहा दिल्यावर बसा जरा समोर. माझं ऐकाल तर सुरुवात त्यांच्या बाजूनं करा, मनापासून, कारण ते खरं आहे: "मामा, भावजी तुमच्या पेन्शनीला फुकट म्हणाले ते चुकीचं होतं, तुम्ही राबून मिळवलीय ती, मी त्यांनापण सांगणार आहे." आणि मग थांबू नका, पुढचंही बोला: "पण त्या दिवशी तुम्ही मला भीक घेणारी म्हणालात. तुम्हाला एका शब्दानं जेवढं लागलं तेवढंच मला लागलं. मी नियमानं मिळतंय ते घेते, कुणापुढं हात पसरत नाही. परत असं म्हणू नका." एवढंच. गृहलक्ष्मी चांगली का वाईट यावर वाद घालत बसू नका, त्यांना ती योजना पटत नसेल तर तो त्यांचा विचार, त्यांनी तो निवडणुकीत मांडावा, सुनेच्या ताटावर नाही. मास्तर माणूस आहे, आयुष्यभर पोरांना दुसऱ्याला नावं ठेवू नका म्हणून शिकवलं असेल. मला वाटतं ऐकतील. नाही ऐकलं तरी या वेळी तुम्ही गप्प बसला नाहीत हे त्यांच्या लक्षात राहील.

भावजींना मिस्टरांनी सांगितलेलं बरं, भावाभावांत. त्यांच्या संघटनेत जाऊन भांडा म्हणावं, एनपीएसवाल्यांची संघटना कर्नाटकात चांगली जागी आहे, तिथं त्या रागाचा उपयोग होईल. बापाची पेन्शन कमी झाल्यानं त्यांची वाढणार नाहीय.

आणि घरातली कागदं. मामांचा हयातीचा दाखला कोण बघतं? चालता येत नसेल तर जीवन प्रमाण मोबाईलवर चेहरा दाखवूनही करता येतं, ते त्यांना तुम्ही शिकवा, कारण तो दाखला राहिला की हक्काची पेन्शनपण अडकते. पीपीओची, म्हंजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स घरात दुसऱ्या एका जागी ठेवा. भावजींनी प्रानच्या खात्यावर वारस कोण लावलाय ते बघून घ्यावं, लग्नाआधी नोकरीला लागलेल्या बऱ्याच जणांचं नाव जुनंच राहिलेलं असतं. आणि मिस्टरांच्या पीएफचं पासबुक तुम्ही स्वतः उघडून बघा: पेन्शनीची एकूण वर्षं किती दिसतात, मधे फौंड्री बदलली असेल तर जुनी नोकरी जोडली गेलीय का नाही, जन्मतारीख आधारशी जुळते का, ई-नॉमिनेशनमध्ये तुमचं नाव आहे का. दहा वर्षं पूर्ण नसतील तर मासिक पेन्शन बसतच नाही, आणि जुनी नोकरी न जोडल्यामुळं ती दहा वर्षं भरत नाहीत असं उद्यमबाग-मच्छेच्या कामगारांत फार होतं. ५८ च्या आधी घाईनं पेन्शन घेतली तर दर वर्षामागं चार टक्के कमी होते, तेपण त्यांना सांगून ठेवा. जुन्या फौंड्रीचा पीएफ नंबर सापडत नसेल तर जुनी पगाराची स्लिप शोधा, त्यावर असतो, आणि ती घेऊन मिस्टर सुट्टी काढून पीएफ ऑफिसला जातील असं बघा, ऑनलाइनवर 'प्रोसेसमध्ये आहे' बघत वर्ष घालवू नका.